करपलेला जॅम

क्रोधाची गणना षड्रिपूंत होते. तथापि स्वकर्माच्या अवहेलनेतून उपजलेला क्रोध हे निष्ठेचेच एक रूप होय. थोरल्या काकूंचा क्रोध त्या जातीचा होता.

वर्षभराचा जर्दाळूंचा जॅम त्या एकाच सकाळी करीत. थंड बशीवर टाकलेला थेंब ओघळेनासा झाला की पातेले उतरवायचे, हा त्यांचा नेम. एका वर्षी थेंब जेमतेम थबकू लागला, तोच काका आतून ओरडले, "अगं, माझे मोजे कुठे आहेत?" पाठोपाठ मुलाची हाक, "आई, टॉवेल."

"जरा ढवळा कुणीतरी," असे बजावून त्या गेल्या. मोजे काकांच्या उशाशीच होते. परतल्या, तेव्हा जॅम तळाला लागला होता; ढवळायला कुणी फिरकलेच नव्हते.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी तोच जॅम बरण्यांत भरला आणि वर्षभर वाढला.

"कडू लागतोय गं," काका कुरकुरले.

"मोजे मिळाले ना? मग गिळा मुकाट्याने."

आज काकू नाहीत. फडताळात त्या जॅमची एक बरणी आहे, आणि घरात ज्याचे मोजे त्यालाच सापडतात.