चाकाला ओझं लागतं

वहिनीच्या आवाजावरूनच कळलं होतं. तरी मी फोनवर पहिलं विचारलं ते, ‘नाल्यावर का?’ वहिनी रडता रडता थबकली. ‘नही वं ताई, घरमाच,’ म्हणाली. माझा मोठा भाऊ आप्पा रनाळ्याच्या घरी, ओट्यावर पेपर वाचता वाचता गेला. चहा घेऊन वहिनी बाहेर आली तेव्हा पेपर मांडीवरच होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. गेली काही वर्षं मी ज्या बातमीची धास्ती घेऊन वावरत होते, तिच्यात डोंगर होता, भरलेला नाला होता आणि एक भलंमोठं लोखंडी चाक होतं. बातमी आली ती भलत्याच दिशेनं. त्या दिवशी रडण्याच्या मध्येच मला असंही वाटून गेलं, की चला, निदान ती धास्ती तरी संपली... ती संपली नाही. उलट माझ्या वाट्याला आली.

आप्पा धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकवायचा. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं शेती बघतात, नाहीतर मंदिराच्या कमिटीवर जातात. आप्पानं दोन्ही केलं नाही. एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर तो खापर गावाच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर गेला आणि परत आला तो चाकाचं वेड घेऊन. पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना बघ्यांची गर्दी नको आहे. तिथे विजेचे खांब पोचले आहेत, पण पावसाळ्यात झाडं कोसळतात, तारा तुटतात आणि दिवसच्या दिवस वीज नसते. सौर पॅनेल आहेत, तर ढगांमुळे नेमके तेव्हाच मंद. पाणी मात्र पहिल्या पावसापासून होळीपर्यंत नाल्यात धो धो वाहत असतं. आप्पाचं म्हणणं साधं होतं. जे भरपूर आहे त्याच्यावर चालवू.

त्याचं पहिलं चाक नाल्यात उभं होतं. सपाट पात्यांचं. खालून पाणी येणार, पात्यांना धक्का देणार, पुढे जाणार. चार दिवे लागले, तेही मिणमिणते. आप्पा तासन्‌तास काठावर बसून बघत राहायचा. मग एकदा माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, पाणी चाकाला नुसतं आपटतं आणि पळून जातं. ते चाकावर बसलं पाहिजे. त्याच्या वजनानं चाक फिरलं पाहिजे. माझं दुकान म्हणजे नंदुरबारला मोटर रिवाइंडिंगचं. जळालेल्या मोटरी उघडायच्या, तारेचे नवे वेढे भरायचे, वार्निश देऊन वाळवायचं. नवऱ्यानं सुरू केलेलं, आता मी चालवते. आप्पानं माझ्या मागच्या अंगणात सायकलचं चाक टांगलं, त्याला तेलाचे पत्र्याचे डबे कापून बांधले आणि वरून बादलीनं पाणी ओतायला सुरुवात केली. डबा कसा वाकवला तर पाणी खालपर्यंत टिकतं, कुठे सांडतं, याचे त्याचे खेळ चालायचे आणि वाळत घातलेल्या माझ्या मोटरींवर शिंतोडे उडायचे. मी ओरडले, की म्हणायचा, गिऱ्हाइकाला सांग, तीर्थ शिंपडून मिळेल.

अडचण एकच होती, पाणी चाकाच्या डोक्यावर न्यायचं कसं. ती पाड्यानंच सोडवली. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या नाल्याचं पाणी वरच्या अंगाला अडवून, दगडमातीचा पाट डोंगराच्या कडेकडेनं काढत शेतात नेतात. खालून बघणाऱ्याला वाटतं, पाणी चढावर चाललं आहे. जमनाबाईच्या शेताचा पाट असाच होता. जमनाबाई माझ्याच वयाची, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. तिनं पाट वाकवून द्यायचं कबूल केलं, अट एकच घातली. दिव्यांआधी पिठाची चक्की चालली पाहिजे. पावसाळ्यात डोक्यावर दाणे घेऊन, भरलेला नाला ओलांडून खाली दळणाला जायचं, हे तिथल्या बायकांच्या नशिबी होतं, आणि एका वर्षी जमनाबाईची जाऊ त्या नाल्यात वाहून गेली होती. आप्पानं अट मान्य केली. वाकवलेल्या पत्र्याच्या खोल कप्प्यांचं नवं चाक झालं. पाणी कप्प्यात शिरताना आतली हवा अडते आणि पाण्याला बाहेर फेकते, हे त्याच्या लक्षात आलं, मग त्यानं प्रत्येक कप्प्याला पाठीमागे हवेसाठी वाट ठेवली. चाक थोडं उचलून घेतलं, म्हणजे खालच्या साचलेल्या पाण्यात ते घासत चालायला नको. तोच नाला, तेच पाणी, पण चक्की चालली, घरोघर दिवे लागले, वर शाळेत पंखाही फिरला. जनित्राचे वेढे मी भरून दिले होते, म्हणून उद्घाटनाला मलाही नेलं.

त्या दिवसापासून मला त्या चाकाची भीती बसली. मी चाकाच्या रेषेत, जरा लांब, एका दगडावर जेवणाचा डबा उघडून बसले होते. जमनाबाईनं भाकरीबरोबर खायला मिरची हवी का विचारलं, म्हणून उठले. तेवढ्यात एक कप्पा बोल्ट तुटून सुटला आणि दगडावर येऊन आदळला. डबा चेपला गेला. आप्पा धावत आला, मला नीट बघितलं आणि मग त्या तुटलेल्या बोल्टकडे वळला. परत येताना मी जीपमध्ये तो चेपलेला डबा मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा तो म्हणाला, ‘चाकले घाबरू नको. चाकवरनं ओझं उतरी गे ना, तवय घाबरजो.’

मला ते लगेच कळलं, कारण तो माझाच धंदा आहे. दिवे, चक्की हे सगळं चाकाला ओढावं लागतं. ते ओझं आहे, तोवर चाक दमानं फिरतं. ओझं अचानक गेलं आणि पाणी चालूच राहिलं, तर चाक उधळतं. म्हणून आप्पानं पाण्याच्या एका पिंपात तापवायच्या कॉइल बसवल्या होत्या. कुणी दिवे बंद केले, की वाचलेली वीज पिंपात जायची. चाकाचं ओझं कायम, आणि पाड्यातल्या पोरांना आंघोळीला ऊन पाणी. चाक थांबवायचं तर आधी पाटाची फळी टाकून पाणी नाल्यात वळवायचं आणि मगच मेन स्विच पाडायचा. कधीही उलटं नाही. हे त्यानं पाड्यात सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. तरी दर पावसाळ्यात सातपुड्यावर ढग काळे झाले, की दुकानात माझं लक्ष लागायचं नाही. फोन वाजला की हातातली तार सोडून मी आधी नाव बघायची.

आप्पाच्या दहाव्याला पाड्यातली माणसं पिकअप गाडीतून रनाळ्याला आली. जमनाबाई माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं हळूहळू, मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. आप्पा गेल्याचं पाड्यात कळलं त्या संध्याकाळी सगळ्यांनी ठरवलं, की सरांसाठी आज दिवा लावायचा नाही, चक्की चालवायची नाही, काहीच नाही. सरांनी दिलेलं सगळं आज बंद. कुणीतरी म्हणालं, मग आधी फळी टाकू. तर म्हातारी माणसं आडवी आली. माणूस गेला त्या दिवशी वाहतं पाणी अडवायचं नाही, त्याला वाटेत तहान लागते, अशी त्यांच्याकडची रीत. वाद झाला नाही. सगळ्यांनाच पटलं. पाणी तसंच ठेवलं आणि मेन स्विच पाडला.

दिवे गेले, पिंप गेलं, चाकावर काही उरलं नाही. ते ओरडायला लागलं, असं जमनाबाई म्हणाली. जनित्राचा पट्टा तुटून झाडात गेला. कप्पे सुटून अंधारत्या शेतात पडायला लागले. माणसं पोरांना घेऊन वर पळाली. फळी चाकाच्या अगदी बाजूला, तिथे जायची सोय नव्हती. दोघं तरणे निघाले होते, त्यांना जमनाबाईनं अडवलं. ती कुदळ घेऊन डोंगराच्या कडेनं वर चढली आणि चाकापासून खूप अलीकडे तिनं आपल्याच पाटाचा काठ फोडला. पाणी उतारावर फुटलं, तिचं भाताचं खाचर वाहून गेलं आणि चाक थांबलं. सकाळी बघितलं, तर फळीजवळच्या लाकडात एक कप्पा रुतून बसला होता. मी विचारलं, वरून पाट फोडायचं कसं सुचलं. ती म्हणाली, मला तिथं जायची भीती वाटली, म्हणून लांबून केलं.

मग तिनं मुद्द्याचं काढलं. ‘ताई, तुम्ही या. बायका परत नाला ओलांडायला लागल्या.’ वहिनी ऐकत होती. एक माणूस गेला तेवढं पुरे, असं ती मला आत नेऊन म्हणाली, त्या चाकाला हात लावू नकोस. तिचं चूक नव्हतं. मी चाक दुरुस्त करायचं आणि उद्या पाड्यात कुणी आणखी गेलं, तर परत दिवे विझणार, परत पाणी वाहतं राहणार, आणि प्रत्येक वेळी जमनाबाई वेळेवर पोचेलच असं नाही. नाही म्हणावं, तर नाला होताच. झोप उडाली. दुकानात, पाड्यातल्या माणसांनी गाडीतून आणलेलं, त्या रात्री जळालेलं जनित्र उघडून बसले, वेढे कोळसा झालेले, आणि त्या वासात मला सारखं ते लाकडात रुतलेलं पत्र्याचं धूड दिसायचं.

वेढे भरताना सुचलं. माणसांना नियम परत घोकवून उपयोग नाही. दुःखात माणूस नियम पाळत नाही, रीत पाळतो. तेव्हा मेन पाडला की पाणी आपणहून वळलं पाहिजे. फळी उचलून विजेच्या लोहचुंबकाला टांगायची आणि चुंबकाला वीज मेन स्विचच्या पुढून द्यायची. मेन पडला की चुंबक सुटेल, फळी आपल्याच वजनानं पडेल. पाड्यावर जाऊन मी हे सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, पाणी अडेल का वळेल? मी म्हटलं, वळेल, नाल्यातून पुढे जाईल. त्यानं मान हलवली. वळलं तर चालतं.

सगळं बसवून झालं. पाट बांधून झाला होता, चाक दमानं फिरत होतं, चक्कीतून ज्वारीचं पीठ येत होतं. आता उरलं होतं ते एवढंच, की भरल्या पाण्यात, चाकाजवळ उभं राहून कुणीतरी मेन पाडून बघायचा. जमनाबाई पुढे झाली. मी म्हटलं, नाही, जोडणी माझी आहे. तिला आणि सगळ्यांना वर पाटाच्या अंगाला जायला सांगितलं. ती गेली नाही, चाकाशेजारच्या खोपीच्या दारात थांबली.

खोपीत मेन स्विचशेजारी सागाचा खांब आहे. मेन ओढायच्या आधी मी डाव्या हातानं तो गच्च धरला. हाताला गुळगुळीत लागलं. बघितलं, तर खांबावर त्या जागी ग्रीसनं काळी पडलेली बोटं होती, एकावर एक उमटून लाकडात बसलेली. टेकलेल्या हाताची नव्हेत, गच्च आवळलेल्या मुठीची. नखांच्या खुणाही होत्या.

‘सर पण असंच धरायचे,’ जमनाबाई म्हणाली. ‘दर वेळी. बोलायचे नाही कुणाशी.’

आप्पानं मला हे कधी सांगितलं नाही...

मी मेन खाली ओढला. दिवे गेले. फळी पडल्याचा आवाज आला, पण भरलेले कप्पे अजून चाकावर होते आणि चाक फिरतच होतं, एक फेरा, आणखी एक, वेग वाढतो आहे की कमी होतो आहे तेच मला कळेना. मग ते जड झालं, जरा मागे डुललं आणि थांबलं. जमनाबाईनं विचारलं, झालं का, परत चालू करू का, बायका दळण घेऊन उभ्या आहेत. मी म्हटलं, कर. आणखी एकदा बघू. माझा हात खांबावरच होता. तो सोडवेना.