लांबणमास्तरांची गिटार

आमच्या ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याला गाणं संपवताच यायचं नाही. गायिका शेवटची ओळ म्हणून पाणी प्यायला जायची, आम्ही घाम पुसायला लागायचो, आणि हा बाबा डोळे मिटून आपला पुढं निघालेला! मी ढोलकीवर. बोटं सुजेपर्यंत त्यांच्यामागं पळायचो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळे त्यांना लांबणमास्तर म्हणत. मास्तर चिडत नसत. "एकदा तरी कुणी थांब म्हणायच्या आत माझं मला थांबायचंय," एवढंच म्हणत. ते एकदा कधी आलंच नाही.

मास्तरांचं घर माळव्याचं, भाजीपाला पिकवणारं. पहाटे मार्केट यार्डात वांगी-मिरची उतरवायची आणि दुपारी तालमीला यायचं. गिटार युरियाच्या गोणीत. थोरला भाऊ कावायचा, "तारा काय भाकरीत कुस्करून खायच्या का?" मास्तर हसून गोणीचं तोंड सुतळीनं बांधायचे.

ऑर्केस्ट्राला सुपारी नसली की मास्तरांचे बाहेरचे उद्योग सुरू. बावड्याच्या भजनात गिटार घेऊन बसले. एक अभंग इतका लांबला, की म्हातारे म्हणाले, "मास्तर, देव झोपला आता, आमाला बी जाऊ द्या." मग सुप्याकडच्या धनगरांच्या ढोलांत जाऊन उभे राहिले. ढोलांपुढं गिटार कसली ऐकू येतेय! मी म्हणालो, "मास्तर, कशाला मरताय?" तर म्हणाले, "न्हाय ऐकू आलं तर न्हाय. तितं थांब तर कुणी म्हणत न्हाय."

मग ऑर्केस्ट्राच्या मालकांनी पुण्याहून कीबोर्ड आणला. बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की गिटार. मास्तरांनी तो बराच वेळ ऐकला. "समदं हाय ह्यात. पर दमत न्हाय गड्या," म्हणाले. मालकांना न दमणारंच पाहिजे होतं. पण स्टेजवर गिटारवाला नसला तर लोकांना ऑर्केस्ट्रा वाटत नाही. म्हणून मालक गोड बोलून म्हणाले, "मास्तर, तुमी हुबं ऱ्हावा. वायर मातुर जोडू नका."

मला वाटलं, आता हा माणूस गिटार आपटून जाणार. कुठलं काय! मास्तर उभे राहिले. दोन वर्षं उभे राहिले. झगमगता शर्ट घालून, डोळे मिटून, एकही सूर न चुकवता वाजवायचे आणि लोक टाळ्या कीबोर्डला द्यायचे. माझं काळीज तुटायचं. मी विचारलं तर म्हणाले, "हुबं ऱ्हायला तरी जागा हाय."

इंदापूर तालुक्यातल्या एका जत्रेत, ऊन उतरता उतरता, ऐन गाण्यात लाईट गेली. कीबोर्ड मेला, माईक मेले, आम्ही सगळे थांबलो. मास्तर थांबले नाहीत. त्यांना कुठं फरक पडला होता? त्या अचानक शांततेत तारांचा बारीक आवाज येत राहिला. अहो, काय वाजवत होते! इतकी वर्षं मी शेजारी बसलो, पण असं कधी ऐकलं नव्हतं. आणि पुढून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्याची वायरच न्हाय की! नुसताच नाचतोय!" सगळी जत्रा हसली. मास्तरांनी डोळे उघडले, हात मधेच थांबला.

मास्तर गिटार गोणीत घालायला लागले. "आज गाण्याचा शेवट जवळ आला हुता रं," म्हणाले. सुतळीची गाठ काही त्यांना बसेना, ती मी बांधली.

पुन्हा ते आले नाहीत. पुढल्याच्या पुढल्या वर्षी काविळीनं गेले. मी मळ्यात भेटायला गेलो, तर थोरला भाऊ वांग्याच्या वाफ्यात बसला होता. गोणी मळ्यातल्या खोपीत खुंटीला टांगलेली, गाठ माझीच. तो वाफा खुरपत राहिला. मग म्हणाला, "चांगलं वाजवायचा का रं त्यो? आमी कवा नीट ऐकलंच न्हाय."

"लई चांगलं," मी म्हणालो. जत्रेतलं ते गुणगुणून दाखवावं म्हणून तोंड उघडलं. भाऊ हातातलं खुरपं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. मला एकही सूर आठवेना.