वहिनीचा लॅपटॉप

दादाने ऑफिसातून भंगारात निघालेला लॅपटॉप घरी आणला, तेव्हा त्याचं झाकण बिजागरीतून निखळलं होतं. चालू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात माणसाची आंघोळ उरकावी. आठवड्याभरात त्याने मान टाकली. मग दादाने तो वहिनीला दिला. "घे, तुला बक्षीस!" आमचा दादा आहेच दानशूर.

वहिनी लग्नाआधी एका वकिलाकडे टायपिंग करायची. आता एका निवृत्त प्राध्यापिकेने आत्मचरित्राची चारशे हस्तलिखित पानं तिला देऊ केली होती, मुदत महिनाअखेरची. वीस वर्षांनी स्वतःचं काम! ती लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन गेली, तर दुकानदार म्हणाला, "ताई, यावर खर्च करण्यापेक्षा नवा घ्या."

"नवा घेणारी असते, तर तुमच्या दारात उभी राहिले असते का?"

तिने व्हिडिओ बघून तो स्वतःच उघडला. पंख्यातून उशी भरेल एवढी धूळ काढली. जुन्या बाजारातून रॅम आणली, घरखर्चातून वाचवून एसएसडी बसवली, बिजागरीला आतून पत्र्याची पट्टी मारली. स्क्रू हरवू नयेत म्हणून आईच्या औषधांच्या सात वारांच्या डबीत ठेवले. आईने बुधवारचा स्क्रू पाण्याबरोबर तोंडात टाकला! "अगं, ही गोळी विरघळेना," म्हणत थुंकली, म्हणून वाचली.

लॅपटॉप बारा सेकंदांत उघडू लागला. साठ पानं टाइप झाली, आणि पुतण्या होस्टेलवरून सुट्टीला आला.

"आई, हा तर पळतोय की! माझा नुसता रडतो."

"मग घेऊन जा ना," दादा जेवता जेवता म्हणाला.

"अहो, माझं काम अर्धवट आहे."

"पोराच्या शिक्षणापेक्षा त्या बाईंचं चरित्र मोठं? तुला काय, एखादा मोडका बघू. तुझ्या हाताला गुण आहे!"

सगळे हसले. मीही हसलो.

वहिनीने आपली पानं पेनड्राइव्हवर घेतली आणि चार्जर गुंडाळून लॅपटॉप पोराच्या हातात दिला. "एंटर जरा जोरात दाब. गादीवर ठेवू नकोस, तापतो."

मग हस्तलिखिताचा गठ्ठा दोरीने बांधून तिने प्राध्यापिकेला फोन लावला.

"बाई, माझा लॅपटॉप बिघडला हो. नाही, आता नाही व्हायचा दुरुस्त."