खर्ड्याचं ऊन आणि आक्काचा डावा डोळा

एका फोटोवरून ही सहल ठरली. आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, लेकीच्या वाढदिवसाचा फोटो पाठवला होता. सगळे केककडे बघत होते आणि मी आक्काच्या डाव्या डोळ्याकडे. नगरमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासणीचं काम करते. त्यामुळे कुणाचाही फोटो आला की माझी बोटं आपोआप चेहरा मोठा करतात. तिच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे निघालेला मांसाचा गुलाबी त्रिकोण दिवाळीत एवढा नव्हता.

वर्षानुवर्षं उन्हात आणि धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात असं मांस वाढतं. पांढऱ्या भागात असेपर्यंत नुसतं लाल दिसतं, चुरचुरतं. बुबुळावर चढून मधल्या बाहुलीपर्यंत पोचलं की नजर अधू होते. तपासायला ये म्हटलं की आक्काचं उत्तर ठरलेलं, "कांद्याची खुरपनी उरकली की येते." मग मी दुसऱ्या बाजूने गेले.

"रविवारी खर्ड्याचा किल्ला बघायला जायचं का?"

आक्काने फोनवर खुरपणीचं नावही काढलं नाही. हळूच म्हणाली, "खरंच नेतीस व्हय?"

आक्का नववीत असताना तिच्या वर्गाची सहल खर्ड्याला गेली होती. त्याच आठवड्यात आई अंथरुणाला खिळली आणि आक्का खुरपं घेऊन रोजाने जाऊ लागली. ती पुन्हा वर्गात बसली नाही. मी तेव्हा पहिलीत होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्या पदवीतली किती वर्षं आक्काच्या उन्हातली आहेत, याचा विचार मी फार उशिरा करू लागले. किल्ला तिच्या मिरजगावच्या घरापासून दीड-दोन तासांवर. तरी तिने तो पाहिला नव्हता.

शनिवारी अर्धा दिवस काम करून माळीवाडा स्टँडवरून सोलापूरकडे जाणारी एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खाजगी गाडीचा विचारही करू नका. दुपारी या रस्त्याने जाताना डावीकडे बसा. ऊन उजव्या खिडकीतून येतं आणि तासाभरात एक हात दुसऱ्यापेक्षा काळा होतो. रस्ता छान आहे. फेब्रुवारी संपत आला होता. दोन्ही बाजूंना कांदा, मध्येच ज्वारी काढून झालेली रिकामी रानं, आणि आभाळात सावलीपुरताही ढग नाही.

मिरजगावला उतरून थेट शेतावर गेले. आक्का नऊ बायकांची टोळी घेऊन कांदा खुरपते. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला आणि तोंडाला रुमाल. उन्हापासून जपायला कुठल्याही मलमापेक्षा हा शर्ट भारी, हे मी दवाखान्यात सगळ्यांना सांगते. पण एवढं अंग झाकून घेणाऱ्या या बायकांचे डोळे मात्र उघडे असतात.

"आली गं तुझी डॉक्टरीन," आक्काच्या शेजारच्या सरीतून रुक्सानाबी ओरडली. ती आणि आक्का गेली दहा वर्षं जोडीने खुरपतात.

"मी डॉक्टर नाही, भाभी."

"मंग हिरोईन तरी आसशील. टोपी काय, गॉगल काय! शूटिंग कुठं हाय?"

सगळी टोळी हसली. मी आक्काला विचारलं, "दिवाळीत दिलेला तुझा गॉगल कुठे आहे?"

"कपाटात. डबीसकट. जपून ठिवलाय."

संध्याकाळी तिने हुलग्याचे शेंगोळे केले. चुलीसमोर बसून ती डाव्या डोळ्याला पदराचं टोक लावत होती. धुरामुळे, असं म्हणाली.

रविवारी सातला निघालो. आक्काने ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. मी म्हटलं, वर शर्ट घाल, नाहीतर हात भाजतील.

"शर्ट? किल्ला बघाया चाललोय का खुरपाया?"

मग मी तिला उन्हाचं मलम लावलं. चेहरा, कान, मानेची मागची बाजू, हातांच्या पाठी. या जागा सगळ्यांच्याच राहून जातात. मलम भरपूर घ्यावं, घराबाहेर पडायच्या आधी लावावं आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं. आक्का डोळे मिटून बसली होती. लहानपणी ती मला पावडर लावायची, तेव्हा मी अशी बसायचे का, आठवत नाही. तिच्या हाताची पाठ इतकी खरखरीत होती की मलम पसरेना.

माहीजळगावच्या फाट्यावर गाडी बदलून जामखेड, तिथून जीपने खर्डा. थेट गाडीची वाट बघत बसू नका. जामखेडच्या गाडीत आक्काने माझ्या आग्रहाखातर गॉगल लावला. समोरच्या सीटवरची आजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मोतीबिंदू कधी काढला गं, बाई?"

"परवाच, मावशी," आक्का गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "ही काय, हिनंच काढला."

"आगं बया, लईच तरनी हायेस की! जप बाई. डोक्यावरनं पानी घिऊ नको."

आजी उतरेपर्यंत आक्काने हसू दाबून धरलं. आमच्या भागात बाईमाणसाच्या डोळ्यावर काळा चष्मा म्हणजे ऑपरेशन, नाहीतर नखरा. तिसरं कारण कुणी धरतच नाही. जीपमध्ये बसताना गॉगल डबीत गेला होता.

गाडीला गाडी मिळता मिळता खर्ड्यात पोचेस्तोवर अकरा वाजून गेले. तुम्ही जाणार असाल तर ही चूक करू नका. नऊच्या आत पोचा किंवा चारनंतर जा, पाणी बरोबर न्या. किल्ला भुईकोट आहे, चढण नाही, म्हाताऱ्या माणसांनाही जमेल. पण तटावर सावली अजिबात नाही.

दरवाजातून आत गेल्यावर आक्का थांबली. तिने भिंतीच्या दगडावर हात ठेवला. मी तिला इतिहास सांगायची तयारी करून गेले होते. मराठ्यांची आणि निजामाची लढाई, कोण कुठल्या बाजूला, सगळं वाचलेलं. पण ती आतल्या मोकळ्या जागेत, मशिदीच्या बाजूला, विहिरीपाशी फिरत काहीतरी शोधत होती.

"काय बघतेस?"

"पोरी कुटं बसल्या आस्तील जेवायला?"

मला कळायला वेळ लागला. ती तिच्या नववीच्या वर्गाबद्दल बोलत होती.

"माज्या वर्गातली सुमन सांगत हुती, सावलीला बसलो, लई गार हुतं. बाईंनी सगळ्यांच्या डब्यातला एक एक घास खाल्ला. मंग हितंच आसंल." तिने दरवाजाच्या आतल्या सावलीकडे बोट दाखवलं. "न्हाई?"

"इथेच असेल," मी म्हटलं.

तिथेच बसून आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. आक्काने स्वतःच्या भाकरीतला एक घास मोडून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.  तिच्या शेजारी तेव्हाच्या त्या मुली असाव्यात, असं मला वाटून गेलं.

मग तटावर चढलो. आक्काला चारही बाजूंचं रान बघायचं होतं. दहा मिनिटांत तिचा डावा डोळा लालभडक झाला, गालावरून पाणी येऊ लागलं.

"आता गॉगल लाव. इथे कोण बघतंय?"

तिने लावला. लगेच बरं वाटलं, असंही म्हणाली. मग मी चिडले. "मग शेतात का लावत नाहीस? रुक्सानाबी हसते म्हणून?"

"ती हसली तर मी बी हसते. तिला काय भ्यायचंय." आक्काने गॉगल नाकावर खाली केला, वरून बघितलं, पुन्हा वर चढवला. "लावला हुता गं, दिवाळीनंतर. दोन दिस लावला. ह्यातनं लव्हाळा आन कांद्याची पात येकच दिसती. सरीभर कांदा उपटला मी गवत म्हनून. मालक म्हनला, बाई, तुमची नजर गेली का? टोळी माज्या शब्दावर येती, सुजे. मुकादमीनच कांदा उपटाया लागली तर कोन बोलवंल आमाला?"

 उन्हाचे घातक किरण अडवायला काच काळी लागत नाही, हे मी रोज पेशंटना सांगते. पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेलाही ते संरक्षण देता येतं. उलट रस्त्यावरची नुसती काळी काच जास्त वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. हे सगळं मला पाठ होतं. आक्कासाठी मात्र मी दुकानातला सगळ्यात गडद गॉगल निवडला होता, कारण तो तिच्या चेहऱ्यावर छान दिसेल असं वाटलं. उकिडवं बसून ती दिवसभर काय निरखते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ज्या शेतात ती माझ्यासाठी उतरली, त्या शेतात.

"आधी का नाही सांगितलंस?"

"यवड्या हौसेनं आनलास. काय सांगायचं?"

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मिरजगाव येऊ नये असं वाटत होतं. सोमवारी सकाळी मी नगरला आणि ती शेतात.

आठवडाभरात मी तिच्यासाठी बिननंबरचा चष्मा करून घेतला. आरपार पांढरी काच, किरण अडवणारी, आणि बाजूने ऊन-धूळ येऊ नये म्हणून कानापर्यंत वळलेली रुंद फ्रेम. वर मोठ्या काठाची कापडी टोपी. कंडक्टरच्या हाती पुडकं दिलं, आक्काने मिरजगाव स्टँडवर घेतलं. फोनवर म्हणाली, लव्हाळा दिसतो, कांदा दिसतो, मालक बी दिसतो.

खुरपणी उरकल्यावर ती खरंच आली. चष्मा लावून, सोबत रुक्सानाबीला घेऊन. डॉक्टरांनी दोघींना तपासलं. आक्काचं मांस बुबुळाच्या कडेवर चढलं आहे. ऑपरेशनची घाई नाही, पण दर सहा महिन्यांनी बघायचं.

डॉक्टर गेल्यावर मी आक्काला पुन्हा यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवलेला आक्काचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. डोळ्याच्या कडेला सुरकुत्या, गालावर वांगाचे डाग आणि त्या मांसात बारीक लाल शिरा. उन्हातली इतकी वर्षं तिथे साठत आली होती.

"आता जाईल का गं ते मागं?"

"नाही आक्का. वाढलेलं मागे जात नाही. आता जपलं तर पुढे जायचं थांबेल."

"आन बाहुलीपातूर किती ऱ्हायलंय?"

मी पुन्हा मोजलं. "ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं."

"मंग लई हाय की," आक्का म्हणाली, आणि चष्मा पुसून डोळ्यावर चढवला.