रिकाम्या मापाचं लाभ

मला हिरीचं लय भ्याव वाटतं, पयल्यापासनंच. लगीन हून आटपाडीच्या बाजूला आले तर घराच्या मागंच हीर, आनि पोरगी चालायला लागल्यापासनं माझा सगळा जीव तिकडंच, चपात्या लाटता लाटता चारदा उटते आनि मागल्या दाराला कडी हाय का बगून येते. सायन्सचं भ्याव त्याच्यापेक्षा जास्त. धावीला बाकी सगळ्यात पास झाले, सायन्समधी ग्येले, त्याच साली लगीन झालं, मंग परत कोन बसतंय.

पन बसायला लागलं. आमचं हे शिरवळला कंपनीत हायत, पंदरा-पंदरा दिसांनी घरी येत्यात, पोरगी त्यांना बगून रडते, वळकतच न्हाई. त्यांच्या कंपनीत प्याकिंगला बायका घेत्यात, पन धावी पास लागती. म्हंजी मी पास झाले तर आमी तिगं एका जागी, न्हाई झाले तर हे असंच. मंग भरला फॉर्म.

शिकवायला माझी ननंद. अकरावी सायन्सला हाय, माझ्यापेक्षा तीन वर्सांनी ल्हान. मी तिला वन्सं म्हनते, आनि ती मला वैनी वैनी म्हनत मास्तरावानी दटावते. वरनं पडनारी वस्तू किती खाली येती त्येचं सूत्र मी आरतीवानी पाठ केलं व्हतं, अर्धा जी टी वर्ग, झोपेतनं उटवलं तरी म्हनीन.

"वैनी, ह्यो अर्धा कुटनं आला?"

"पुस्तकातनं."

ती हसली न्हाई. पोरगी खाटंवर बसून चमचा खाली टाकत व्हती, मी उचलून द्यायची, ती परत टाकायची, दिसभर त्योच धंदा. वन्संनी चमचा हातात धरला. "सोडताना ह्येचा वेग किती?"

"शून्य."

"पडत पडत एक सेकंद झाला तवा?"

"धा. जी धाच धरायचा न्हवं."

"मंग सेकंदभर धाच्या वेगानं पडला का? न्हाई. शून्याच्या बी न्हाई. मदला धरा."

"पाच."

"ह्योच तुमचा अर्धा."

 इतकी वर्सं पुस्तकात व्हता त्यो अर्धा, आनि कुनी मला सांगितलं न्हाई त्यो कोन हाय. मंग तिनं बोटावर दावलं, पयल्या सेकंदात पाच मीटर, दुसऱ्यात पंदरा, तिसऱ्यात पंचवीस, पडनारं पडतच जास्त जास्त जातंय. वन्संच्या एवढ्याशा डोक्यात हे सगळं कसं मावतंय, मला खरंच नवल वाटलं.

"चला," ती म्हनाली, "हिरीवर जाऊ. दगड टाकून खोली काडा."

मी न्हाईच म्हनले. पन कठडा छातीएवढा हाय, आनि आत्याबाई, माझी सासू, पोरीला कडंवर घिऊन लांब लिंबाखाली हुबी ऱ्हायली, मंग ग्येले. दगड हातात धरला, डोळं मिटलं, आनि सोडता सोडता मोजलं, "लाभ, दोन, तीन." तीनला डुबुक झालं. आमच्यात ज्वारी मोजताना पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. माझ्या तोंडाला तीच सवय.

गनित चटाचटा जमलं. तीन सेकंद, तीनचा वर्ग नऊ, नऊ पंचे पंचेचाळीस. "पंचेचाळीस मीटर वन्सं," मी म्हनले, लय ऐटीत.

"पंचेचाळीस म्हंजी पंदरा मजली इमारत जाईल आत, वैनी."

लिंबाखालनं आत्याबाई म्हनाली, "किती परसं झाली ती?" परस म्हंजी एक मानूस हुबा मावंल एवढी खोली, आत्याबाई त्यातच मोजती. वन्संनी हिशोब करून सांगितलं, सत्तावीस. आत्याबाई एवढी हसली की पोरगी बी हसाय लागली. "पान्यापतूर बारा परस दोर जातो आपला. मी वडलाय जलमभर. सूनबाईनं हीर खांदली वाटतं आनखी पंदरा परस, मजुरी बी घेतली न्हाई."

मला रडूच आलं. सूत्र बरूबर, गनित बरूबर, आनि उत्तर चुकलं, आता पेपरात असंच हुनार, आनि मी हितंच ऱ्हानार.

पोरीला कडंवर गच्च धरून आत्याबाई जवळ आली. ती शाळंची पायरी चढली न्हाई. म्हनाली, "परत दगड घी. कसं मोजलंस त्ये दाव." मी दावलं, मूठ उगडतानाच लाभ.

"आगं, माप भरून वतल्याबिगर लाभ म्हनत्यात का? तुजा दगड अजून हातातच, आनि तू लाभ म्हनून मोकळी. रिकाम्या मापाचं लाभ झालं ते."

वन्सं तिच्या तोंडाकडं बगतच ऱ्हायली. मंग हळू म्हनाली, "वैनी, सोडताना शून्य. आई शून्य सांगत्या तुमाला."

मी परत सोडला. ह्या टायमाला तोंड गच्च मिटून, डोळं उगडं. मंग लाभ. मंग दोन, आनि डुबुक. चार पंचे वीस. वीस मीटर, म्हंजी बारा परस. एकीनं दोर वडून काडलं, एकीनं सूत्रानं काडलं, आनि हीर दोगींना एकच बोलली. मी कठड्याला टेकून खाली बगितलं त्या दिशी, पयल्यांदा. खाली पानी व्हतं, आनि त्यात आमची चौगींची डोकी.

पेपरात आलंच ते. इमारतीवरनं चेंडू सोडला, चार सेकंदात खाली, उंची काडा. मी बाकाखाली मूठ धरली आनि उगडली.

पाळतीवरच्या म्याडम म्हनाल्या, "हात दुखतोय का गं?"

"न्हाई म्याडम, चेंडू सोडला."

त्या कायतरी म्हननार व्हत्या, पन म्होरं ग्येल्या. मी कागदावर आदी शून्य काडलं, मोटं. मंग पाच, पंदरा, पंचवीस, पस्तीस. ऐंशी.

काठावर पास झाले. काठावर का असंना.

आता शिरवळला हाय, प्याकिंगला लागले. खोली वरल्या मजल्यावर हाय, पोरगी बापाला वळकती, त्येंच्या खांद्यावरनं उतरत न्हाई. परवा कापडाचा चिमटा ग्यालरीतनं पडला, मी बगत व्हते, लाभ म्हनलं आनि टक. आत्याबाईला फोन लावला, म्हनलं, "आत्याबाई, आमची ग्यालरी तीन परस उंच हाय."

"मोजलीस का?"

"मोजली."

"मंग आदी जाळी बशिवून घी," आत्याबाई म्हनाली. "पोरगी चमचं टाकती."