पिंपळगावच्या तंबूतली मुलगी

नाशिकहून जालन्याला जाणाऱ्या गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण बहुतेक वेळ मी दारापाशीच उभा होतो. माझी पत्नी शैला दिवाळीनंतर गेली, तेव्हापासून असंच चाललं आहे. पुस्तक उघडतो आणि मिटतो. चहा ओततो आणि दुसऱ्या खोलीत निघून जातो.

प्रवासाचं कारण तिची भाची रेखा. जालन्यातल्या एका लहानशा संग्रहालयात जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं आणि रोज दुपारी तिथे एक जुना चित्रपट दाखवत होते. तिथल्या एका फोटोचा फोटो रेखाने मला मोबाइलवर पाठवला होता. "काका, यात मावशी आहे का बघा." काचेवर ट्यूबलाइटची तिरीप आल्याने चेहरे नीट दिसत नव्हते. शैलाचा लग्नाआधीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. दोन दिवस मी त्या पडद्यावर बोटं फिरवली आणि तिसऱ्या दिवशी निघालो.

संभाजीनगर मागे पडल्यावर काळी जमीन सुरू झाली. बदनापूरच्या आसपास मोसंबीच्या बागा, मध्येच हरभऱ्याचं वाळत आलेलं रान, आणि पुढे पोलाद कारखान्यांचा धूर. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला संग्रहालयाचं नाव सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तिथं काय बघता? थेटरला नवा पिक्चर लागला की."

"मला जुनाच बघायचा आहे."

"मंग जल्दी बसा. जुना बी संपून जाईल."

आधी रेखाकडे उतरलो. तिने येसर आमटी (भाजलेल्या डाळी आणि मसाल्यांच्या पुडीची झणझणीत आमटी) आणि ज्वारीची भाकरी केली होती. चार घास झाले आणि मी उठून गॅलरीत गेलो. आत आलो, दोन घास खाल्ले, पुन्हा उठलो.

"काका, ताट काही पळून जात न्हाई," ती म्हणाली. "मावशी असती तर तुम्हाला खुर्चीला बांधलं असतं."

तिला कामावर जायचं होतं. मी एकटाच निघालो.

संग्रहालय म्हणजे दोन दालनं आणि मागे एक सभागृह. पहिल्या दालनात जत्रा, बैलबाजार, कुस्त्या. दुसऱ्यात तो फोटो. फिरत्या सिनेमाचा तंबू, मधोमध कनात, अलीकडे बायकांची बाजू. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला आहे, नाकातल्या चमक्या लकाकत आहेत. दुसऱ्या ओळीत सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी तोंड उघडं टाकून हसते आहे.

शैला हसताना कायम पदर तोंडाला लावायची. असं हसू मी कधी पाहिलंच नव्हतं. पण कपाळ तिचंच, हनुवटीही तिचीच. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं: तंबू सिनेमा, पिंपळगाव. शैलाचं माहेर भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई.

"आमची कौसा आहे ती," मागून आवाज आला.

पांढरा फेटा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची पत्नी. नाव बाबूराव, गाव कुंभार पिंपळगाव, घनसावंगी तालुका. पूर्वी मेंढरं होती, आता कापूस.

"मेंढरं कोंडून आम्ही सगळे सिनेमाला गेल्तो," ते म्हणाले. "कौसा माझी धाकटी बहीण. पुढच्याच साली गेली बिचारी. तुमची कोण?"

"माझी पत्नी असावी, असं वाटलं."

"वाटलं, का आहे?"

मी चष्मा पुसून वाकलो. लहानपणी विळा लागल्याने शैलाची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. या मुलीचीही भुवई तुटलेली होती, पण उजवी.

"कौसाला शेळीनं शिंग मारल्तं," बाबूराव म्हणाले.

"कोणत्या भुवईला?"

"ते आता कोन ध्यानात ठेवतं."

मी सरळ उभा राहिलो. "नाही. ही माझी पत्नी नाही."

त्यांनी लगेच तिथल्या व्यवस्थापक बाईंना बोलावलं. "ताई, सायबांचं मिटलं. कौसाचं नाव लिहा आणि आम्हाला एक फोटो द्या." बाई हो म्हणाल्या.

मी सभागृहात जाऊन बसलो. चित्रपट जुना, काळापांढरा. नायिका विहिरीवर गात होती. पुढची माणसं गाणं गुणगुणत होती. मला बसवेना. एवढ्या लांब कशाला आलो, संध्याकाळची गाडी मिळेल का, रेखाला काय सांगायचं, हेच डोक्यात. गाणं संपायच्या आत मी बाहेर आलो.

बाबूरावांची पत्नी एकटीच त्या फोटोशेजारी उभी होती, माझ्याकडे तोंड करून. तिच्या नाकात चमकी होती. डाव्या बाजूला, आपल्याकडे सगळ्या बायकांची असते तशी. फोटोतल्या बायकांच्या चमक्या मात्र झाडून सगळ्या उजव्या नाकपुडीत.

मी व्यवस्थापक बाईंना शोधून काढलं. त्यांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली, संगणकावरच्या चित्राशी ताडून पाहिली आणि ओशाळल्या. फोटो उलटा छापला गेला होता. त्यांनी चित्र पलटवलं. चमक्या डावीकडे गेल्या. भुवईही.

"ही शैला आहे," मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

बाबूराव तोवर आले होते. "मघाशी न्हाई म्हणलात की."

"मघाशी फोटो उलटा होता."

"फोटो उलटा होता, माझी बहीण न्हाई." ते संगणकाच्या पडद्याजवळ गेले. "आता तर अजून बराबर कौसा दिसून राह्यली."

मी ऐकायला तयार नव्हतो. तेही नव्हते. आम्ही दोघे म्हातारे एका हसणाऱ्या पोरीवरून भांडत होतो आणि व्यवस्थापक बाई संगणकाचा माउस धरून बसल्या होत्या.

शेवटी बाबूरावांची पत्नी बोलली. "अहो, बसा की खाली. भाऊ, नाव तुमच्या बायकोचं लिहा. आमचं काही म्हणणं न्हाई. पण फोटो आम्हाला बी द्या. पित्राला (पितृपंधरवड्यात) पान मांडतो, तर नणंदेच्या पानापुढं ठेवायला काहीच न्हाई. नुसती सुपारी ठेवतो. ही तशीच दिसती."

बाबूराव खाली बसले. फेटा काढून मांडीवर घेतला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. प्रिंटरमधून दोन फोटो बाहेर आले, अजून गरम होते.

परतीच्या गाडीत मी फोटोचं पाकीट तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. बदनापूर गेलं, संभाजीनगर गेलं. भाद्रपदात मी शैलाचं पहिलं पान मांडेन. त्याच पंधरवड्यात कुंभार पिंपळगावात, मी कधी न पाहिलेल्या घरात, तिच्यापुढे भात, कढी, वडे वाढले जातील आणि तिला कौसा म्हणून हाक मारतील. ते मला सोसेल की नाही, कळत नव्हतं. मनमाड येईपर्यंत मी दारापाशी उभा होतो.