सव्वीस भागांतला आवाज

मला लिहिण्याची सवय नाही. नोकरीत असताना स्टोअरचे अहवाल लिहिले, तेवढेच. हरिचंद्र भोईरबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं. पण ज्यांना लिहिता येतं ते त्याला ओळखत नाहीत, म्हणून मी लिहितो आहे.

हरिचंद्र बदलापूरजवळच्या मांजर्लीचा, जुन्या आगरी घरातला. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मी स्टोअर ऑफिसर होतो आणि तो माझ्या हाताखाली ड्रम मोजून घ्यायचा. तो गेटवरून नंबर ओरडायचा, मी केबिनमध्ये टिपून घ्यायचो. ओरडायचा हे बरोबर नाही, कारण आवाज तो कधी चढवत नसे. खर्जातला, जरासा कंटाळलेला आवाज होता. पण चालू यंत्रांच्या गोंगाटातही एकेक आकडा सुटा ऐकू यायचा.

यंत्रं पुसायच्या चिंध्या आम्हाला उल्हासनगरच्या परसराम सेठकडून यायच्या. उल्हासनगरातच, कॅम्प पाच या भागात, त्यांची एक छोटी रेकॉर्डिंगची खोलीही होती. रिक्षावर भोंगा लावून ज्या जाहिराती फिरतात, त्या तिथं तयार व्हायच्या. वीस-एक वर्षांपूर्वी त्यांना एका केबल चॅनेलचं काम मिळालं. जपानी कार्टून मालिका होती, ती हिंदीत करून द्यायची. हरवलेल्या माणसांचा तपास करत जगभर फिरणारा एक माणूस, दर भागात नवा देश, नवं शहर. असे सव्वीस भाग. त्या माणसाला आवाज हवा होता. सेठ एकदा चिंध्या घेऊन आले आणि गेटवर उभं राहून हरिचंद्रचे आकडे ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "इतवार को आ जा."

हरिचंद्रचं हिंदी आमच्यासारखंच होतं. पहिल्याच रविवारी सेठ त्याला म्हणाले, "भाई, तेरा डिटेक्टिव तो बदलापूर का लगता है."

"मी बदलापूरचाच हाय, शेठ. तुमाला जपानचा पायजे तर जपानला जा."

सेठ हसले आणि काम चालू राहिलं. आठवडाभर तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे कागद घेऊन यायचा. त्यावर शहरांची नावं असायची. "साहेब, ह्याला काय म्हणतात?" माझ्याकडे मुलीचा शाळेतला नकाशा होता, त्यात बघून मी सांगायचो. लिस्बन, मार्सेल, असलं काहीतरी. मी बरोबर सांगितलं असेन याची खात्री नाही. हरिचंद्र स्वतः नाशिकच्या पुढे कधी गेला नव्हता.

मालिका दुपारी अडीचला लागायची. त्या वेळी टीव्हीसमोर कोण असणार? कारखान्यात कुणी एकही भाग पाहिला नाही, मीसुद्धा नाही. पाहिले ते मोतीबाईंनी, म्हणजे हरिचंद्रच्या बायकोनं, आणि त्यांनी सव्वीसही पाहिले. तांदूळ निवडत बसायच्या आणि पडद्याकडे फारसं बघायच्या नाहीत. "मानूस गोरा, आन आवाज आमच्या ह्यांचा," असं शेजारणींना सांगायच्या. तो तपासनीस प्रत्येक दारात उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "मैं सिर्फ़ पूछने आया हूँ." हरिचंद्र घरी आला की मोतीबाई दारातच विचारायच्या, "काय पुसाला आले?"

मालिका संपली. चॅनेल बंद पडलं. सेठनी सगळे भाग आठ व्हिडिओ टेपांवर उतरवून हरिचंद्रला भेट दिले.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मांजर्लीत पाणी शिरलं, तेव्हा त्या टेपा खालच्या पेटीत होत्या. दोन दिवसांनी पाणी उतरलं, पेटी उघडली तर आत चिखल. ऊन नव्हतं. मोतीबाईंनी एकेक टेप स्वच्छ पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली आणि मागच्या पडवीत चुलीवर जी फळी आहे तिच्यावर मांडून ठेवली. पावसाळ्यात सुकी मासळी त्या फळीवरच असते. धगीला आणि धुराला ठेवलेली वस्तू सादळत नाही, हे त्यांना आईकडून माहीत. टेपा खरंच कोरड्या झाल्या. हरिचंद्र मला कौतुकानं म्हणाला होता, "हिनं वाचवल्या."

पुढच्याच वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. तंबाखू. स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला भोक आहे, त्यावर तो मलमलचा रुमाल बांधतो आणि जवळ पाटी ठेवतो.

यंदा होळीनंतर मी त्याच्याकडे गेलो होतो. मोतीबाई भाकरी थापत होत्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "साहेब, ह्यांचा आवाज कसा व्हता, ता मना आता याद येत नाय. सपनानपन मुकेच येतान." हरिचंद्रनं मान खाली घातली. मग पाटीवर लिहून मला दाखवलं: 'टेपा.'

त्याच्या मुलाच्या फोनमध्ये आधीच शोधून झालं होतं. दोन लग्नांचे व्हिडिओ निघाले, दोन्हींत डीजे. आम्ही कॅम्प पाचला गेलो. सेठ वारलेले, त्या खोलीत जीन्स शिवायची मशीनं, जुनं सगळं भंगारात गेलेलं. माझ्या नातीनं, चैत्रालीनं, इंटरनेटवर शोधलं. मालिका कुणाला माहीतच नव्हती. दोन भाग कुठूनतरी मिळाले, पण जपानीत. हरिचंद्रनं दोन मिनिटं ऐकलं आणि हातानं बंद कर अशी खूण केली.

म्हणजे टेपाच राहिल्या. कॅम्प तीनमध्ये लग्नाच्या जुन्या टेपा पेन ड्राइव्हवर उतरवून देणारा एक दुकानदार आहे. एका गुरुवारी आम्ही शेअर रिक्षानं तिथं गेलो. त्यानं पहिली टेप हातात घेतली आणि नाकाशी नेली.

"साईं, ये किसने पकाई है? मच्छी की बास आ रही है."

मी पुराचं सांगितलं, फळीचं सांगितलं. सात टेपा मशीनमध्ये फिरल्याच नाहीत, आतली पट्टी चिकटून एक झाली होती. आठवी फिरली. पडद्यावर मुंग्या आल्या, रेघा आल्या आणि मग एक बंदर दिसलं, ओला रस्ता, हातात छोटी बॅग घेतलेला उंच माणूस. तो एका दारात थांबला. दार उघडलं. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता.

"व्हॉल्यूम वाढवा," मी म्हणालो.

"फुल है, अंकल. आवाज़ पट्टी के किनारे पे रहती है. किनारा गर्मी से मुड़ गया. पिक्चर बीच में है, इसलिए थोड़ी बच गई."

"पाण्यानं गेला असेल ना?"

"पानी से तो साफ़ कर लेते. ये धुएँ और गर्मी का काम है."

हरिचंद्र पुढे वाकून बघत होता. अकरा मिनिटं ते चित्र चाललं आणि पट्टी तुटली. दुकानदारानं टेपा पिशवीत भरून दिल्या.

मोतीबाई दारात उभ्या होत्या. "झाला का काम?"

हरिचंद्रनं पाटी घेतली, बराच वेळ लिहिलं आणि माझ्याकडे दिली. मोतीबाईंना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी लिहिलेलं कुणीतरी मोठ्यानं वाचावं लागतं. पाटीवर होतं: 'टेपा चांगल्या आहेत. दुकानातलं मशीन बिघडलं आहे.' मी त्याच्याकडे पाहिलं, तो बोटांवरचा खडू पुसत होता. मी जसं होतं तसं वाचलं.

"मंग दुसरीकडं न्या," मोतीबाई म्हणाल्या. "उल्हासनगरान मशीनींना काय तोटा हाय? मी येवऱ्या जपल्यान त्या."

तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी जातो. पिशवी घेऊन कॅम्प तीनला उतरतो, चहाच्या टपरीवर तासभर बसतो आणि परत येतो. मग तो लिहितो आणि मी वाचतो. कधी 'दुकानदार गावी गेला', कधी 'मशीनचा पट्टा मागवलाय'. एकदा टपरीवर मी विचारलं, "हरिचंद्र, सांगून टाकू या का?" त्यानं लिहिलं, 'तिनं फळीवर ठेवल्या. कळलं तर ती जेवणार नाही.' लिहून लगेच पुसलं.

गेल्या गुरुवारी निघताना मोतीबाईंनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, "साहेब, त्या दुकानदाराला सांगा, सगला नको. येक शब्द निंगला तरी पुरं."

त्या दिवशी टपरीवर चहा तसाच राहिला. परत आल्यावर हरिचंद्र पाटी मांडीवर घेऊन बसला, खडू हातात. त्यानं पाटी कोरीच माझ्याकडे दिली. मोतीबाई वाट बघत होत्या.

मी पाटीकडे बघून वाचलं, "दुकान बंद होतं."